वर्डमध्ये काढलेले आकार आणि टाकलेली चित्रं जागेवर का राहत नाहीत?

जुळारी

नमस्कार मंडळी,

सोलापुरात नव्या पेठेत डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवायचं काम करतो. संक्रांत जवळ आली की आमच्याकडे तीन प्रकारच्या फाइली एकदम येतात: सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची पत्रकं, शाळांच्या सराव प्रश्नपत्रिका आणि टॉवेल-चादरीवाल्यांचे कॅटलॉग. बहुतेक सगळ्या वर्डमध्ये केलेल्या. आणि तक्रार सगळ्यांची एकच: "घरी बरोबर दिसत होतं, इथं उघडलं की चित्र भलतीकडंच गेलं."

लोक खरंच सांगतात, घरी बरोबरच असतं. पण चित्र किंवा आकार पानावर नेमका कशाला धरून उभा आहे, हे कुणी ठरवलेलंच नसतं. रंग, सावली, जाड रेघ, चकाकी यावर तासभर जातो आणि जागेचा विचार सगळ्यात शेवटी होतो. माझं सांगणं एवढंच, की क्रम उलटा करा. आधी वस्तू उभी कुठं राहणार ते पक्कं करा, मग सजवा.

गोंधळाचं मूळ असं आहे. वर्डमध्ये तुम्ही फोटो टाकला की तो 'इन लाइन विथ टेक्स्ट' म्हणून बसतो. म्हणजे ओळीतलं एक मोठं अक्षर. त्याच्या आधी शब्द वाढले तर तो पुढे सरकतो, एंटर मारला तर खाली जातो. पण इन्सर्टमधून गोल, चौकोन, बाण काढला की तो 'इन फ्रंट ऑफ टेक्स्ट' होतो, मजकुराच्या वर तरंगणारा. एकाच पानावर नंदीध्वजाचा फोटो ओळीत बसलेला आणि त्याच्याभोवती काढलेली चौकट तरंगती. वर दोन ओळी वाढल्या की फोटो आणि चौकट वेगवेगळ्या रीतीने हलणार, म्हणजे फाटाफूट ठरलेली.

तरंगत्या वस्तूवर क्लिक केलं की डावीकडे एखाद्या परिच्छेदाजवळ छोटा अँकर दिसतो. दिसत नसेल तर फाइल, ऑप्शन्स, डिस्प्ले इथे 'ऑब्जेक्ट अँकर्स'वर खूण करा. हा अँकर ज्या परिच्छेदाला लागलेला आहे त्याच पानावर ती वस्तू राहणार, हा नियम आहे. 'फिक्स पोझिशन ऑन पेज' केलं तरी परिच्छेद पुढच्या पानावर गेला की वस्तूही जाते. परिच्छेद अख्खा पुसला की वस्तूही पुसली जाते. "माझा लोगो आपोआप गायब झाला" म्हणणाऱ्यांच्या फाइलीत बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. अँकर माउसने ओढून योग्य परिच्छेदाला लावता येतो. लावला की 'मोअर लेआउट ऑप्शन्स'मधल्या पोझिशनच्या पानावर 'लॉक अँकर' करून टाका.

प्रत्येक पानावर त्याच जागी काही हवं असेल, लोगो म्हणा, किनार म्हणा, तर ते हेडरमध्ये टाका. हेडरमध्ये टाकलेली वस्तू पानावर कुठेही ओढून ठेवता येते, अगदी तळाशीसुद्धा, आणि मजकूर कितीही वाढला तरी हलत नाही.

आता मराठीत काम करणाऱ्यांना हमखास नडणारी गोष्ट. मंगल फॉन्टमध्ये ओळींमधलं अंतर फार पडतं, म्हणून आपण लाइन स्पेसिंग 'एक्झॅक्टली' १८ पॉइंट असं काहीतरी करून टाकतो. त्याच परिच्छेदात ओळीतलं चित्र टाकलं की वर्ड त्यालाही १८ पॉइंटच उंची देतो, आणि चित्राची फक्त खालची पट्टी दिसते. चित्र खराब नसतं, फाइलही बिघडलेली नसते. त्या एका परिच्छेदाचं स्पेसिंग 'सिंगल' करा, अख्खं चित्र उघडं पडेल.

कुणाच्या काही अडचणी असतील तर इथेच विचारा. मला येतं ते सांगेन, बाकी जाणकार आहेतच.

---

गणिताच्या_बाई

फार उपयोगी धागा, वाचनखूण साठवली आहे. एक्झॅक्टलीचं कोडं आज सुटलं. आमच्या शाळेत सगळ्यांच्या पेपरांत ही पट्टी दिसते आणि आम्ही चित्र पुन्हा पुन्हा टाकत बसतो.

माझा प्रश्न भूमितीच्या आकृत्यांचा. त्रिकोण, त्यावर अ, ब, क ही अक्षरं, कोनाची खूण, बाजूंची मापं. सगळं वेगवेगळं काढलेलं असतं. पेपर झेरॉक्सला दिला की कधी अक्षर जागेवर नसतं, कधी रेघच उमटत नाही. मी ग्रुप करते, पण कधीकधी ग्रुपचं बटणच दबत नाही.

---

जुळारी

बाई, ग्रुपचं बटण दबत नाही तेव्हा निवडलेल्यांपैकी एखादं चित्र ओळीत बसलेलं असतं. ओळीतली वस्तू ग्रुपमध्ये येत नाही. तिचं रॅपिंग, म्हणजे मजकुराशी ती कशी बसते ते, आधी बदला, 'स्क्वेअर' किंवा 'इन फ्रंट', मग बटण चालू होईल.

पण भूमितीसाठी मी तुम्हाला ड्रॉइंग कॅनव्हास वापरायला सांगेन. इन्सर्ट, शेप्स, अगदी तळाशी 'न्यू ड्रॉइंग कॅनव्हास'. एक रिकामी चौकट येते. त्रिकोण, अक्षरं, कोनाची खूण सगळं तिच्या आत काढायचं. आतल्या वस्तू तिथेच राहतात आणि बाहेरच्या मजकुराच्या दृष्टीने अख्खा कॅनव्हास ही एकच वस्तू असते. शेवटी कॅनव्हासचं रॅपिंग 'इन लाइन' करा. मग प्रश्न वर-खाली झाला तरी आकृती त्याच्यासोबतच जाते. आणखी एक फायदा म्हणजे दोन आकारांना जोडणारी कनेक्टर रेघ वर्डमध्ये कॅनव्हासच्या आतच आकाराला चिकटते. बाहेर ती नुसती रेघ असते. विज्ञानाच्या शिक्षकांना प्रवाह-आकृतीसाठी याचा फार उपयोग होतो.

आता झेरॉक्सचं. रेघेची जाडी पॉइंटमध्ये असते, ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. पाव पॉइंटची रेघ पडद्यावर सुरेख दिसते, पण झेरॉक्स किंवा रिसोवर (प्रती काढायच्या यंत्रावर) तुटते. पाऊण ते एक पॉइंट ठेवा. आतला करडा रंगही तसाच फसवतो, प्रत काढली की डाग-डाग होतो. वर्तुळाचा भाग छायांकित दाखवायचा असेल तर 'पॅटर्न फिल'मधल्या तिरक्या रेघा घ्या. त्या प्रतीच्या प्रतीतही टिकतात.

आणि 'नो फिल' व पांढरा रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नो फिल केलेल्या आकारातून मागचं सगळं दिसतं, आणि तो निवडायला बरोबर त्याच्या रेघेवरच क्लिक करावं लागतं. पांढरा रंग भरला की मागचं झाकलं जातं. कोनाच्या खुणेला नो फिल, अक्षराच्या मागून रेघ जात असेल तर तिथे पांढरा.

---

शेंगाचटणी

जुळारी दादा, एक लई दिवसाचं दुखणं हाय बगा. मी दुकानाच्या पाट्या नि दरपत्रकं वर्डमध्येच करतो. चौकोनात मराठी लिहिलं की वरची वेलांटी नि रफार कापून जातंय, खालचा उकार तर दिसतच नाही. चौकोन मोठा केला की बरोबर होतंय, पण मग रांगेत बसंना झालंय. काय करावं ओ?

---

जुळारी

चौकोन मोठा करायची गरज नाही. वर्डच्या प्रत्येक चौकटीला आतून समास असतो: डावी-उजवीकडे ०.१ इंच, वर-खाली ०.०५ इंच. इंग्रजीला तो चालून जातो, आपल्या अक्षरांना वर वेलांटी आणि खाली उकार असल्यामुळे जागा कमी पडते. आकारावर राइट क्लिक, फॉरमॅट शेप, तिथे टेक्स्ट बॉक्सच्या भागात चारही समास शून्य करा आणि 'व्हर्टिकल अलाइनमेंट' मिडल ठेवा.

एवढ्यावर अक्षर बरोबर मध्ये येत नसेल तर आतल्या मजकुराचा परिच्छेद बघा. नव्या वर्डमध्ये साध्या परिच्छेदाखाली ८ पॉइंट जागा सोडलेली असते. तीच चौकोनाच्या आतही येते आणि अक्षर वर ढकलते. 'स्पेसिंग आफ्टर' शून्य करा. आणि आत 'एक्झॅक्टली' स्पेसिंग असेल तर ते आधी काढा. वेलांटी कापली जाण्याचं ते सर्वांत मोठं कारण.

एक चौकोन असा मनासारखा झाला की त्यावर राइट क्लिक करून 'सेट अ‍ॅज डिफॉल्ट शेप' करा. त्या फाइलीत पुढचा प्रत्येक आकार तोच रंग, तीच रेघ घेऊन येईल. रेघेसाठी आणि टेक्स्ट बॉक्ससाठी हीच सोय वेगवेगळी आहे. आधीच काढून ठेवलेल्या चौकोनांना तेच रूप द्यायचं तर फॉरमॅट पेंटरचा ब्रश आहेच.

---

शेंगाचटणी

समास शून्य केला, रफार आला की ओ! चार वर्षांच्या पाट्या आता परत करतो. 🙏

---

कोरलवाला

जुळारी, राग मानू नका, पण हे सगळं वर्डमध्ये करायचंच कशाला? वर्ड हे पत्र लिहायचं साधन आहे. आकार काढायचे तर कोरलड्रॉ, आपलं कोरल. नोड धरून वळण देता येतं, आकार एकमेकांत मिसळता येतात, कापता येतात. वर्डमध्ये आकार मिसळायची सोयच नाही. गिऱ्हाइकाला वर्ड शिकवत बसण्यापेक्षा फाइल आपण कोरलमध्ये घेतलेली बरी.

---

जुळारी

राग कसला. फ्लेक्स, लग्नपत्रिका, यात्रेचं मोठं पोस्टर हे मीही कोरलमध्येच करतो. होम मैदानावर लावायच्या फलकाची फाइल वर्डमध्ये आली तर मीसुद्धा पुन्हा काढायला घेतो.

पण बाईंची प्रश्नपत्रिका बघा. त्यांना ती पुढच्या वर्षी स्वतः उघडायची आहे, त्रिकोणाच्या बाजू बदलायच्या आहेत, प्रश्न मागे-पुढे करायचे आहेत. ती कोरलमध्ये गेली की दरवर्षी एका आकड्यासाठी त्यांना आमच्या दुकानाची पायरी चढावी लागेल. मजकूर जास्त आणि आकार थोडे, शिवाय फाइल नंतर मालकालाच बदलायची असेल, तर वर्डच योग्य. तिथे माणसाला त्याचं साधन नीट वापरायला शिकवणं हे मला आपलं कामच वाटतं.

नोडबद्दल मात्र थोडी दुरुस्ती. वर्डमध्ये 'एडिट पॉइंट्स' आहे. आकाराचे बिंदू धरून ओढता येतात, वळण देता येतं. कोरलइतकं नाही, पण नकाशातल्या रस्त्याला किंवा तलावाच्या काठाला पुरतं. आकार मिसळायचे तर पॉवरपॉइंटमध्ये 'मर्ज शेप्स' आहे. तिथे करून वर्डमध्ये चिकटवता येतं.

---

टेरीटॉवेल

आमचं अक्कलकोट रोडला टॉवेल-नॅपकिनचं काम आहे. कॅटलॉग मुलगा वर्डमध्ये करतो. एका पानावर सहा फोटो, खाली साइज आणि वजन. नवीन डिझाइन आलं की एक फोटो बदलायला जावं तर पाचही हलतात. दुसरं म्हणजे छापून आल्यावर फोटो धुरकट. मोबाइलमध्ये तर काठाचा धागान् धागा दिसतो.

---

जुळारी

साहेब, तुमच्या कामाला तरंगते फोटो नकोतच. टेबल घ्या. दोन स्तंभ, तीन ओळी, वाटल्यास प्रत्येक फोटोखाली मजकुराची एक ओळ. टेबल प्रॉपर्टीज, ऑप्शन्समध्ये 'ऑटोमॅटिकली रिसाइझ टू फिट कंटेंट्स'ची खूण काढा, नाहीतर मोठा फोटो टाकला की खाना फुगतो. ओळीची उंची ठरावीक करा. फोटो खान्यात 'इन लाइन'. टेबलाच्या रेघा काढून टाकल्या की कुणाला कळणारही नाही खाली टेबल आहे.

फोटो बदलताना जुना पुसून नवा टाकू नका. जुन्यावर राइट क्लिक, 'चेंज पिक्चर'. किनार, सावली, जे काही फॉरमॅटिंग दिलंय ते तसंच राहतं. फक्त सगळे फोटो आधी एका प्रमाणात कापा: क्रॉपच्या खालच्या बाणात 'आस्पेक्ट रेशो', तिथे एक बाय एक किंवा चार बाय तीन. कोपरा धरूनच लहान-मोठं करा. मधली खूण धरून ओढलं की टॉवेलचा चौकडा ताणला जातो आणि घेणाऱ्याला वीण चुकीची दिसते.

धुरकटपणाची कारणं दोन. पहिलं, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की तो बारीक होऊन येतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. दुसरं, वर्ड स्वतः सेव्ह करताना फोटो दाबतो, सहसा २२० पीपीआयपर्यंत, म्हणजे इंचाला २२० पिक्सेल. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये 'इमेज साइझ अँड क्वालिटी' शोधा आणि 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल' निवडा. हे फोटो टाकण्याआधी करायचं. एकदा दाबला गेलेला फोटो परत येत नाही. चांगल्या छपाईला ३०० डीपीआय लागतं, म्हणजे १० सेंटीमीटर रुंद फोटोला साधारण ११८१ पिक्सेल हवेत. मुलाला एवढा एक हिशेब लक्षात ठेवायला सांगा.

फाइलीत फोटो कोणत्या दर्जाचे आहेत ते बघायचं असेल तर वर्ड फाइलीची प्रत काढा, तिच्या नावाच्या शेवटचं .docx पुसून .zip करा आणि उघडा. आत 'वर्ड' फोल्डर, त्यात 'मीडिया'. सगळे फोटो तिथे सुटे मिळतात. गिऱ्हाइकाने मूळ फोटो हरवले असतील तर आम्ही असेच काढतो.

---

मुक्तप्रणाली

छान चर्चा. लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांसाठी थोडी भर घालतो. फुकट आहे आणि मेनू मराठीतही करता येतात.

त्यातल्या रायटरमध्ये (वर्डच्या जागी वापरायचा भाग) अँकरचे पर्याय उघडपणे समोर असतात: पानाला, परिच्छेदाला, अक्षराला आणि 'अ‍ॅज कॅरेक्टर'. हा शेवटचा म्हणजे वर्डचा इन लाइन. पानाला लावलेली वस्तू मजकूर कितीही वाढला तरी त्याच पानावर राहते. वर्डमध्ये याला जोड नाही, त्यामुळे फाइल पुढे कुणी वर्डमध्ये उघडणार असेल तर हा पर्याय टाळा आणि 'अ‍ॅज कॅरेक्टर' वापरा. दोन्हीकडे ये-जा करताना तोच सगळ्यात कमी बिघडतो.

आकार निवडून एफ४ दाबलं की जागा आणि माप एकाच खिडकीत आकड्यांनी भरता येतं. आणि एकच आकार ओळीने काढायचा असेल तर ड्रॉइंग पट्टीवरच्या चिन्हावर डबल क्लिक करा, ते हातात राहतं.

---

जुळारी

ही फार चांगली भर. वर्डमध्ये त्यासाठी शेप्सच्या यादीतल्या आकारावर राइट क्लिक करून 'लॉक ड्रॉइंग मोड' करावं लागतं, सोडायला एस्केप.

---

प्रबंधार्थी

विद्यापीठात प्रबंध जमा करायचा आहे. आकृत्या, फोटो, नकाशे पुष्कळ. भुईकोट किल्ल्याचा आराखडाही मीच आकारांनी काढलाय. आकृतीखालची ओळ कधी पुढच्या पानावर जाते. मार्गदर्शक म्हणतात, आकृत्यांची यादीही हवी.

---

जुळारी

प्रबंधात एकही तरंगती वस्तू ठेवू नका. प्रत्येक चित्र स्वतंत्र परिच्छेदात, इन लाइन, मधोमध. त्या परिच्छेदाला 'कीप विथ नेक्स्ट' लावा, म्हणजे चित्र आणि खालची ओळ ताटातूट न होता एकत्र पान बदलतील. खालची ओळ हाताने टाइप करू नका. रेफरन्सेसमधून 'इन्सर्ट कॅप्शन', तिथे 'न्यू लेबल' करून 'आकृती' हा शब्द एकदा भरा. मग यादी 'इन्सर्ट टेबल ऑफ फिगर्स'ने आपोआप तयार होते. मधे नवीन आकृती घातली की सगळं निवडून एफ९ दाबा, क्रमांक पुढे सरकतात.

किल्ल्याचा आराखडा कॅनव्हासमध्ये हलवा. त्यात वस्तू पुष्कळ असतील, तर ऑल्ट आणि एफ१० दाबून 'सिलेक्शन पेन' उघडा. प्रत्येक आकाराला तिथे नाव देता येतं: बुरूज, खंदक, तट. डोळ्याच्या चिन्हाने एकेक लपवता येतो. खंदकाखाली दडलेला बुरूज माउसने पकडायच्या नादात सगळा आराखडा हलवण्यापेक्षा यादीतून निवडणं कितीतरी सोपं.

जमा करताना पीडीएफ करूनच द्या. दुसऱ्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसेल तर ओळी बदलतात, ओळी बदलल्या की पानं बदलतात.

---

पूर्वभाग

आमच्या घरात माग आहेत. जॅकार्डच्या चादरीची नक्षी आलेखाच्या कागदावर भरतो, एकेक घर रंगवून. वर्डमध्ये छोटे चौकोन काढून हे जमेल का? मोराची एक जुनी नक्षी खराब होत चालली आहे, तिची प्रत ठेवायची आहे.

---

जुळारी

चौकोन काढून नको. इतके आकार एका फाइलीत झाले की ती हलायलाच तयार होत नाही. वर्डच्या टेबलातही जमणार नाही, कारण तिथे जास्तीत जास्त ६३ स्तंभ होतात आणि मोराच्या पिसाऱ्यालाच त्याहून जास्त घरं लागतील. एक्सेलमध्ये करा. स्तंभांची रुंदी आणि ओळींची उंची जुळवून घरं चौरस करा आणि रंग भरत जा.

त्याआधी जुना कागद चांगल्या उजेडात, सपाट ठेवून स्कॅन करून घ्या. नवी प्रत झाली तरी मूळ कागदावरच्या हाताच्या खुणा, दुरुस्त्या त्यात येणार नाहीत. असे कागद घराघरांत आहेत आणि ते जपले पाहिजेत. स्कॅनिंगला कधीही दुकानात या.

---

गणिताच्या_बाई

कॅनव्हासमध्ये त्रिकोण केला, प्रश्न वर-खाली करून बघितला, आकृती सोबतच गेली! शेवटचं एकच विचारते. संख्यारेषेवरच्या खुणा सारख्या अंतरावर कशा पाडायच्या? डोळ्याने कितीही जुळवल्या तरी पोरं पट्टी लावून दाखवतात की २ आणि ३ मधलं अंतर जास्त आहे.

---

जुळारी

पोरांचं बरोबर आहे, संख्यारेषेत तसं व्हायलाच नको.

आधी लांब आडवी रेघ काढा, शिफ्ट धरून, म्हणजे सरळच जाते. 'शेप आउटलाइन'मधल्या 'अ‍ॅरोज'मधून दोन्ही टोकांना बाण द्या. मग एक छोटी उभी खूण काढा. कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही धरून ती बाजूला ओढली की तिची प्रत त्याच पातळीवर तयार होते. हव्या तितक्या करा, मधल्या कशाही पडू द्या. फक्त पहिली आणि शेवटची बरोबर जागी ठेवा. सगळ्या खुणा निवडा, आडवी रेघ नाही. अलाइनमध्ये 'अलाइन सिलेक्टेड ऑब्जेक्ट्स'वर खूण आहे ना ते बघा, आणि 'डिस्ट्रिब्यूट हॉरिझॉन्टली' दाबा. मधल्या खुणा सारख्या अंतरावर जातात. आकड्यांच्या चौकटींनाही तेच करा, त्यांना रेघ आणि रंग दोन्ही नको. मग सगळं एकत्र ग्रुप.

अशी एक संख्यारेषा करून वेगळ्या फाइलीत ठेवा. पुढच्या पेपरला फक्त आकडे बदलायचे.